बोललं तरच उरतं

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन लांबच्या प्रवासाला निघालं, की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘एवढ्याशा पोराला कशाला दगदग? त्याला काय आठवणार आहे!’ म्हणणाऱ्याचं काही चुकत नाही. त्या वयात पाहिलेला समुद्र, कडेवर बसून हिंडलेली जत्रा, आजोबांच्या खांद्यावरून पाहिलेली मिरवणूक, यातलं काहीही ते मूल मोठेपणी स्वतःहून सांगू शकणार नाही. चुकते ती यावर आपण काढलेली तोड. मूल विसरणारच आहे, तेव्हा फोटो काढून ठेवू, मोठं झालं की दाखवू, अशी वाटणी आता घरोघरी ठरून गेली आहे. विसरायचं मुलाने, लक्षात ठेवायचं फोनने, आणि आईबापांनी फक्त बटण दाबायचं.

ही वाटणीच मुळात फसवी आहे, असं माझं म्हणणं आहे. लहानपण साठवून जपता येत नाही, ते बोलून जपावं लागतं. मुलाशी बोलून, मुलाचं ऐकून, घरातल्या चार तोंडांनी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून. शिवाय हे काम सवडीने कधीही उरकता येईल असं नाही. त्याला मुदत आहे, आणि ती आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच जवळ आली आहे.

पहिल्या दोन-तीन वर्षांतलं मोठेपणी का आठवत नाही, हा प्रश्न मानसशास्त्रात शंभरावर वर्षं चर्चेत आहे. फ्रॉइडने या विसरण्याला नाव दिलं आणि दडपलेल्या इच्छांकडे बोट दाखवलं. ते स्पष्टीकरण आज फारसं कुणी मानत नाही, पण निरीक्षण टिकून आहे. पाश्चात्त्य देशांत प्रौढांना त्यांची सर्वांत जुनी आठवण विचारली, तर ती सरासरी तीन ते साडेतीन वर्षांच्या वयातली निघते. टोरोंटोमध्ये पॉल फ्रँकलँड आणि शीना जोसलिन यांच्या गटाने २०१४ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून याचं एक कारण पुढे आणलं. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात बालवयात नव्या चेतापेशी झपाट्याने तयार होत असतात, आणि त्यांना सामावून घेताना आधीच्या जोडण्या विस्कटतात. म्हणजे मेंदू वाढतो, त्या वाढण्यातच विसरणं आलं.

पण पालकांनी कान टवकारावेत अशी गोष्ट पुढे आहे. तीन वर्षांच्या मुलाला काही आठवत नाही, हे खरंच नाही. मागच्या महिन्यात मावशीकडे कुत्र्याने चप्पल पळवली, हे ते हातवारे करून साग्रसंगीत सांगतं. विसरणं नंतर घडतं. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या पॅट्रिशिया बाऊर आणि मरीना लार्किना यांनी तीन वर्षांच्या मुलांना त्यांच्या आयांबरोबर नुकत्याच घडलेल्या प्रसंगांविषयी बोलायला लावलं, ती बोलणी ध्वनिमुद्रित करून ठेवली, आणि पुढे निरनिराळ्या वयांत त्याच प्रसंगांबद्दल पुन्हा विचारलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातले साठ टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या खाली गेलं. म्हणजे पहिलीतल्या मुलाजवळ त्याचं बालवाडीआधीचं आयुष्य बरंचसं शाबूत असतं. तिसरी-चौथीपर्यंत ते हातचं निघून जातं, आणि जात असल्याचं कुणाला कळतही नाही.

जातं कुठलं आणि राहतं कुठलं, हे बऱ्याच अंशी शब्दांवर ठरतं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात गॅब्रिएल सिमकॉक आणि हार्लीन हेन यांनी मोठा गमतीदार प्रयोग केला. दोन-तीन वर्षांच्या मुलांना त्यांनी एक जादूचं यंत्र दाखवलं. मोठं खेळणं वरून आत टाकायचं, दांडा फिरवायचा, की तसंच पण इवलंसं खेळणं बाहेर येणार. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने मुलांना त्याबद्दल विचारलं. यंत्र कसं चालवायचं ते मुलांनी करून दाखवलं, खेळण्यांचे फोटो ओळखले. सांगताना मात्र प्रसंग घडला त्या वेळी जे शब्द त्यांच्याजवळ होते, तेवढेच त्यांनी वापरले. मधल्या काळात ती कितीतरी नवे शब्द शिकली होती, पण त्यातला एकही त्या जुन्या प्रसंगाला चिकटला नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा आपल्यापुरता अर्थ सरळ आहे. गोष्ट ताजी असतानाच मुलाला तिचे शब्द मिळायला हवेत. दहा वर्षांनी फोटो दाखवून आपण जे शब्द देतो ते आपले असतात. मूल ते ऐकून घेतं, एखाद्या वेळी हसतं, आणि पुढच्या फोटोकडे वळतं.

आता हे शब्द द्यायचे कसे? झालेल्या गोष्टीबद्दल मुलाशी बोलायची आपली सर्रास पद्धत म्हणजे उलटतपासणी.

‘काल कुठं गेलो होतो आपण?’

‘आत्याकडे.’

‘आत्याकडे काय खाल्लं?’

‘माहीत नाही.’

‘असं काय करतोस! थालीपीठ खाल्लं ना? सांग बरं आजीला.’

‘थालीपीठ खाल्लं.’

इथे मुलाने आठवलं काहीच नाही, पाठ म्हणून दाखवलं. हेच बोलणं दुसऱ्या तऱ्हेनेही होऊ शकतं.

‘काल आत्या थालीपीठ लावत होती, तेव्हा केवढा वास सुटला होता! आणि तू एकदम ओट्यापासून पळालास. का रे?’

‘चर्र वाजलं.’

‘हो, तव्यावर तेल सोडलं की वाजतं. मग कुठं जाऊन बसलास?’

‘आप्पांच्या खुर्चीमागे. आप्पा म्हणाले, चोर आला, चोर आला.’

‘अगंबाई! हे मला ठाऊकच नव्हतं. मग चोराने काय केलं?’

दुसऱ्या बोलण्यात आईने वास दिला, आवाज दिला, ‘का’ विचारलं, आणि मुलाने तिला ठाऊक नसलेलं काहीतरी तिच्या पदरात टाकलं. बालविकासाच्या अभ्यासकांनी, त्यातही रॉबिन फिवुश आणि इलेन रीस यांनी, कित्येक वर्षं या दोन तऱ्हांचाच अभ्यास केला आहे. ज्या आया तपशील भरत, मुलाच्या उत्तराचा धागा पकडून बोलतात, त्यांच्या मुलांना स्वतःचं आयुष्य अधिक आठवतं आणि अधिक नीट सांगता येतं. रीस यांनी न्यूझीलंडमधल्या मुलांचा मागोवा पार किशोरवयापर्यंत घेतला, तेव्हा अशा घरांतल्या मुलांच्या पहिल्या आठवणी इतरांपेक्षा लहान वयातल्या निघाल्या. याच देशात माओरी प्रौढांची सर्वांत जुनी आठवण सरासरी पावणेतीन वर्षांच्या आसपासची आढळली, तर युरोपीय वंशाच्या लोकांची साडेतीन वर्षांच्या आसपासची. माओरी घरांत वंशावळी, जन्माच्या हकिकती, पूर्वजांच्या गोष्टी तोंडी सांगण्याची रीत जुनी आणि जोमदार आहे. अभ्यासक या फरकाचा संबंध त्या रीतीशी लावतात.

‘आम्ही असलं काही केलं नाही, तरी पोरं मोठी झालीच ना?’ हा आक्षेप इथे येतोच. त्याला माझं उत्तर असं, की आपण ते करत होतो, फक्त त्याला काम म्हणत नव्हतो. जात्यावर बसलेल्या बाईच्या ओवीत तिचं तान्हं बाळ, त्याचं रांगणं, त्याचा मामा, त्याच्या अंगावरचं अंगडं हे सगळं यायचं. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मांडीवर किंवा शेजारी झोपलेलं मूल स्वतःबद्दलचं हे गाणं रोज पहाटे ऐकत होतं. वाड्यात, चाळीत, वस्तीवर मुलाची एखादी फजिती घडली, की ती संध्याकाळपर्यंत दहा तोंडांनी सांगून होई आणि दर सणाला नव्याने निघे. ‘तू ना, असा होतास’ हे वाक्य आजी, काकू, शेजारच्या वहिनी, गावाकडचा म्हातारा गडी अशा सगळ्यांकडून ऐकू येई, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात थोडा फरक असे. आता घरात दोनच मोठी माणसं, तीही संध्याकाळी थकून आलेली. आजी-आजोबा दुसऱ्या शहरात, आजोळची सुट्टी आठवडाभराची. पूर्वी जे आपोआप घडत होतं ते आता ठरवून करावं लागेल, एवढाच त्याचा अर्थ.

ठरवायचं तर भाषेचंही ठरवावं लागेल. विओरिका मारियन आणि उलरिक नायसर यांनी रशियन आणि इंग्रजी या दोन्ही भाषा बोलणाऱ्या स्थलांतरितांवर केलेल्या अभ्यासात, २००० साली, असं दिसलं की ज्या भाषेत विचारावं त्या भाषेच्या काळातल्या आठवणी अधिक सहज वर येतात. न्यू जर्सीतल्या मराठी घरात काय किंवा पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाच्या घरात काय, आजीशी घडलेलं लहानपण मराठीत घडलेलं असतं. ते पुन्हा सांगताना घर इंग्रजीत शिरलं, तर आठवणीची दारं पूर्ण बंद होतील असं नाही, पण उघडायला जड नक्कीच जातील. निदान झालेल्या गोष्टींची उजळणी तरी त्या ज्या भाषेत घडल्या त्याच भाषेत व्हावी.

आता फोटोंबद्दल. मी फोटोंच्या विरोधात नाही. पण ३६ फोटोंचा रोल कॅमेऱ्यात असायचा, तेव्हा निवड आधीच झालेली असे. बारशाला किती, पहिल्या वाढदिवसाला किती, दोन शिल्लक ठेवायचे गणपतीसाठी, असा हिशेब असायचा. रोल धुवून आला की घर गोळा व्हायचं, फोटो हातोहात फिरायचे, ‘हे बघ, इथे तू रडत होतास’ असं बोलणं व्हायचं, मग ते अल्बममध्ये जायचे. आज एका दुपारी त्याहून जास्त फोटो निघतात आणि त्यांच्यावर एक अक्षर बोललं जात नाही. कैऱ्या आणून बरणीत भरून ठेवल्या म्हणजे लोणचं होत नाही. चिरावं, मीठ लावावं, मसाला कालवावा, अधूनमधून हलवावं लागतं. आपले फोन नुसत्या कैऱ्यांनी भरले आहेत.

शिवाय काढण्याचीही किंमत आहे. अमेरिकेत लिंडा हेंकेल यांनी लोकांना एका कलासंग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या पाहायच्या होत्या, काहींचे फोटो काढायचे होते. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे तपशील लोकांना कमी आठवले. जिथे वस्तूच्या एखाद्याच भागावर कॅमेरा जवळ नेऊन नेमका फोटो काढला होता, तिथे हा तोटा दिसला नाही. अर्थात संग्रहालयातल्या वस्तू म्हणजे आपली मुलं नव्हेत. तरीही नुसतं टिपणं आणि निरखून टिपणं यांतला फरक घरातही लागू पडतो. एका वाढदिवसाचे दोनशे फोटो काढणाऱ्या बापाला संध्याकाळी विचारून पाहावं, की मेणबत्ती फुंकताना मुलगी कुणाकडे बघत होती.

आणि फोटो कशाचे? बोरन्हाण घ्या. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत काळं झबलं घातलेलं, हलव्याच्या दागिन्यांनी मढलेलं, पाटावर बसवलेलं बाळ, डोक्यावरून पडणारी बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. हा फोटो लाखो घरांत आहे आणि सगळ्या घरांत एकसारखा आहे. त्या दिवशीचं जे फक्त त्या एका घरातलं होतं, ते त्यात नाही. जमलेल्या मुलांनी बोरं वेचायला झडप घातली तेव्हा बाळ भेदरून आजीच्या पदरात शिरलं, हलव्याच्या मुकुटाचा एक दाणा हळूच तोडून त्याने चाखला, आणि रात्री झोपताना मुठीत धरून ठेवलेलं बोर कुणाला म्हणून काढू दिलं नाही. हे लिहायला चार ओळी पुरतात. सण जपायची गरज नसते, तो पुढच्या वर्षी येतोच. रोजचं मात्र बघता बघता बदलतं. मूल पायऱ्या कशी उतरत होतं, ‘ळ’ला काय म्हणत होतं, कुठल्या चादरीशिवाय झोपत नव्हतं, शाळेच्या रिक्षात कुणाच्या शेजारी बसायचा हट्ट होता, हे सहा महिन्यांत नाहीसं होतं आणि ते परत येत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ‘श्यामची आई’ आठवून पाहा. तळव्यांना घाण लागू नये म्हणून आईच्या लुगड्यावर पाय टेकणारा मुलगा, पोहायला जायला घाबरणारा मुलगा. प्रसंग सगळे घरगुती आहेत. आणि पुस्तकाची घडणच अशी आहे की एक माणूस रोज रात्री जमलेल्या मंडळींना ते सांगतो आहे.

मराठी समाजाला नोंदींचं वावडं आहे, असं मात्र म्हणता येणार नाही. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कितीतरी पिढ्यांची नावं गाववार सापडतात. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी दारात येऊन घराण्याची वंशावळ वाचून दाखवतो. अनेक घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तांत छापले. पण या सगळ्या नोंदी कुळाच्या आहेत, आणि कूळ म्हणजे मुख्यतः पुरुष. जुन्या कुलवृत्तांतांत मुलीची हकिकत बहुधा ती कुठे दिली एवढ्यावर संपते. लहान मूल तर त्यात नुसतं नाव असतं, नाहीतर ‘बालपणी मृत’ एवढी एक नोंद. पाचवी-सहावीच्या रात्री कोरा कागद आणि लेखणी मांडून सटवाई बाळाचं नशीब लिहील म्हणून वाट पाहणाऱ्या घरांत, त्या बाळाबद्दल स्वतः चार ओळी लिहायची रीत पडली नाही. कित्येकांना आपली जन्मतारीखसुद्धा ठाऊक नसे. पानशेत फुटलं त्या साली, कोयनेच्या भूकंपानंतरच्या पावसाळ्यात, बहात्तरच्या दुष्काळात असा जन्म सांगितला जायचा, आणि शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. १ जूनला वाढदिवस असलेली माणसं आजही गावोगाव भेटतात. त्यांच्या लहानपणाबद्दल घरात कुणी काही सांगितलं असेल तर तेवढंच त्यांच्याजवळ आहे. यात एक दिलासाही आहे. आठवण जपायला महागडा फोन लागत नाही. ऑक्टोबर लागला की बीड जिल्ह्यातून कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्यांची मुलं उसाच्या फडाजवळच्या कोपीत वाढतात. त्यांचंही लहानपण असतं, आणि तेही कुणीतरी सांगितलं तरच त्यांना मिळतं.

सांगायचं ते फक्त गोडच का? २०२१च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, कित्येक घरांतला आजोबा किंवा आजी दवाखान्यात गेली ती परत आली नाही. अंत्यदर्शनही नीट झालं नाही. तेव्हा दोन-तीन वर्षांची असलेली मुलं आता शाळेत जातात. खांद्यावर बसवणारे आजोबा त्यांना स्वतःहून आठवणं कठीण आहे. अशा घरांत बहुधा दोनच गोष्टी दिसतात. भिंतीवर हार घातलेला फोटो असतो, आणि मुलासमोर तो विषय काढायचा नाही असा अलिखित नियम असतो. हेतू चांगला असेल, पण परिणाम असा होतो की मुलाचा माणूस दोनदा जातो. आजोबा कसे हसायचे, चहा बशीत कसा ओतायचे, तुला काय म्हणून हाक मारायचे, मग काय झालं आणि आपण सगळे किती रडलो, हे सहा वर्षांच्या मुलाला त्याला पेलेल अशा शब्दांत सांगता येतं. एमरीमध्येच मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना कुटुंबाविषयी वीस साधे प्रश्न विचारले. आईबाप कुठे वाढले, घरात कुणावर कसलं संकट आलं, तुझ्या जन्माच्या वेळी काय घडलं, असे. ज्यांना अधिक ठाऊक होतं, ती मुलं स्वतःबद्दल अधिक आश्वस्त आढळली. ड्यूक यांनी स्वतःच पुढे बजावलं आहे, की उत्तरं पाठ करून घेऊन काही साधणार नाही. ती माहिती ज्या बसण्या-बोलण्यातून मुलापर्यंत पोचते, ते बसणं-बोलणं महत्त्वाचं. चढउतार दोन्ही सांगणाऱ्या घरातल्या मुलाला एवढं तरी कळतं, की आपल्या माणसांवर वेळ आली होती आणि ती तिच्यातून निभावून गेली.

या सगळ्यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. सांगून सांगून आठवण तयार होते म्हणता, तर मग खोटीही तयार होईल. होते. बालमनाचा एवढा मोठा अभ्यासक झाँ पियाजे, त्याला आपण दोन वर्षांचे असताना पॅरिसच्या शाँझेलिझेवर कुणीतरी आपल्याला बाबागाडीतून पळवू पाहत होतं, दाईने झटापट करून वाचवलं, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले, हे अगदी डोळ्यांसमोर दिसे. तो पंधरा वर्षांचा असताना त्या दाईचं पत्र आलं. सगळी हकिकत बनावट होती, आणि बक्षीस म्हणून मिळालेलं घड्याळ तिने परत केलं होतं. पियाजेला दिसत होती ती घरात ऐकलेली गोष्ट. किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रौढांच्या लहानपणीच्या फोटोत फेरफार करून ते गरम हवेच्या फुग्यात बसल्याचं त्यांना दाखवलं. काही बैठकांनंतर जवळपास निम्म्या लोकांनी, कधीच न घडलेल्या त्या सफरीबद्दल थोडंफार तरी ‘आठवून’ सांगितलं. आता तर आपला फोनच मिटलेले डोळे उघडून देतो आणि नको असलेला माणूस पुसून देतो. ज्या पुराव्यावर आपण भिस्त ठेवून आहोत, तोही आता तितकासा भरवशाचा राहिलेला नाही.

यावर उपाय गप्प बसणं हा नाही. कुणी पाहिलं, कुणी ऐकलं, हे सांगत जाणं हा आहे. ‘हे मी पाहिलं’, ‘हे आजीने मला सांगितलं’, ‘हे बाबा वेगळं सांगतात, त्यांनाही विचार’ एवढी पथ्यं पाळली तरी पुष्कळ. घरात दोन माणसांच्या सांगण्यात फरक पडला तर तो मिटवायची घाई करू नये. त्या वादावादीतूनच मुलाला कळतं की आठवण ही कुणाची तरी असते. आणि मूल म्हणालं, ‘नाही, असं नव्हतं’, तर त्याचं म्हणणंही तेवढ्याच मानाने नोंदवावं.

हे सगळं करायचं कुणी? आज बहुतेक घरांत अल्बम, वाढदिवसांच्या तारखा, लशींचं कार्ड, पहिला पडलेला दात ठेवलेली डबी, हे आईचं खातं. गोष्टी सांगण्याचं खातंही तिचंच, आणि त्यात भर म्हणून फोटोत ती नसते, कारण काढणारी तीच. या लेखातल्या सगळ्या सूचना तिच्या डोक्यावर टाकायच्या असतील तर त्या न दिलेल्या बऱ्या. बापाने नोंदी ठेवाव्यात यात नवं काही नाही. चार्ल्स डार्विनने १८३९ साली जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाच्या वाढीचं बारकाईने टिपण ठेवलं, आणि १८७७ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात ते छापलं. त्यात मुलाचा राग आहे, भीती आहे, आणि वर्षाचं असताना खाणं मागायला त्याने स्वतःच घडवलेला ‘मम्’ हा शब्द आहे, जो ऐकून कुठल्याही मराठी आजीला हसू यावं. विचारणाऱ्याचंही महत्त्व कमी नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चं मूळ त्यांच्या मुलाने, देवदत्त टिळकांनी, वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून मागण्यात आहे. १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाईंचं ते पुस्तक सुरू होतं अठराशे सत्तावन्नच्या धामधुमीपासून, म्हणजे त्यांच्या जन्माआधीपासून. घरात कुणीतरी सांगितलं म्हणून ते त्यांना ठाऊक, मुलाने मागितलं म्हणून ते आपल्याला ठाऊक.

आणखी एक पथ्य. जपणं म्हणजे जगाला दाखवणं नाही. मुलाचं रडणं, आंघोळ, फजिती, परीक्षेतले गुण हे सगळं लोकांपुढे मांडणारे आईबाप ज्याची आठवण आहे त्याला विचारतच नाहीत. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून मुलाच्या छायाचित्रावरचा हक्क जपणं ही दोन्ही पालकांची जबाबदारी ठरवली. आपण कायद्याची वाट पाहायचं कारण नाही. घरातली गोष्ट घरात सांगावी, आणि मूल ‘हे कुणाला सांगू नकोस’ म्हणालं, तर ती तिथेच थांबवावी.

व्यवहारात हे सगळं फार थोड्यात बसतं. वर्षाकाठी वीस-पंचवीस फोटो निवडून छापावेत, मागे मऊ पेन्सिलीने कोण, कुठे, कधी आणि एक ओळ काय घडलं याची. चिकट पानांचे अल्बम टाळावेत, त्यातला गोंद फोटो खराब करतो. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मूळ समजू नये. तो बारीक होऊन आलेला असतो. मूळ प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. आजी-आजोबांचा आवाज मुद्रित करताना ‘काहीतरी बोला’ म्हणू नये, ‘याच्या बारशाला पाऊस होता का हो?’ असं नेमकं विचारावं. एक वही घ्यावी, तिच्यात मुलाचे शब्द मुलाच्याच उच्चारात, तारीख घालून लिहावेत. आणि महिन्यातून एकदा ती वही मुलासमोर वाचावी. हे शेवटचं केलं नाही, तर वहीचाही फोन होतो.

यातल्या बऱ्याच गोष्टी पुढे ढकलता येतील. फोटो मूल दहावीत गेल्यावरही लावता येतात, जुन्या ध्वनिफिती पंधरा वर्षांनीही संगणकावर घेता येतात. पण तीन वर्षांच्या मुलाला आज जे आठवतं आहे, ते त्याच्याशी आज बोलावं लागेल. ते आठ वर्षांचं झालं, की आपण त्याला त्याच्याविषयी जे सांगू ती आपली आठवण असेल. आज सांगितलं, त्याने ऐकलं, त्यात चूक काढली आणि स्वतःचं काही घातलं, तर ती त्याची होईल.